संमतीची कथा : ख्रिस्ती लेखणी आणि प्रेमाचा प्रश्न

आपल्या तरुण लेखक-लेखिकांच्या मेळाव्यांतून अलीकडे दोन प्रश्न हटकून ऐकू येतात. पहिला प्रश्न असा की, ख्रिस्ती लेखकाने प्रेमकथा लिहावी काय? आणि लिहिलीच, तर तरुण-तरुणींच्या भेटीगाठी, त्यांचे बरोबर हिंडणे-फिरणे, ज्याला आता सर्रास ‘डेटिंग’ म्हटले जाते, ते कितपत रंगवावे? दुसरा प्रश्न वाङ्मयप्रकारांचा आहे. प्रेमकथेत रहस्य, प्रवासवर्णनात आत्मचरित्र, बोधकथेत अद्भुत अशी सरमिसळ केली तर लिखाणाचे सोवळेपण राहते काय? वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न ऐकून अस्वस्थ होतात आणि दुसरा ऐकून गप्प बसतात. जणू प्रेमकथा हे बाहेरून आलेले खूळ आहे आणि वाङ्मयप्रकारांची मिसळ हा आजच्या उतावळ्या पिढीचा छंद आहे!

आम्हांला मात्र इतिहास काही निराळेच सांगतो. ख्रिस्ती लेखणीने मराठीत कथा सांगावयास आरंभ केला तो मिसळीनेच केला; आणि त्या कथांच्या गाभ्याशी कोणी कोणाशी लग्न करावे आणि ते कोणाच्या संमतीने, हाच प्रश्न होता. हा इतिहास तरुणांना ठाऊक असेल तर त्यांना बळ मिळेल. पालकांना ठाऊक असेल तर त्यांची धास्ती थोडी कमी होईल. म्हणून तो थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पवित्र शास्त्रातील प्रवासकथा

आरंभ घरूनच करू. बायबलमध्ये ‘गीतरत्न’ आहे हे सर्वांस ठाऊक आहे. प्रियकर आणि प्रेयसी यांच्या परस्पर ओढीचे हे काव्य ख्रिस्तसभेने पवित्र ग्रंथांच्या यादीत राखले, आणि बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने त्यावर शंभराच्या आसपास पोहोचणारी प्रवचनमाला रचली. परंतु आमच्या विषयाशी अधिक जवळचे पुस्तक आहे ते तोबीतचे. प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये ते नाही. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, तरी आपल्यापैकी कितीजण ते कथा म्हणून वाचतात?

निनवे नगरीत अंध झालेला तोबीत आपल्या मुलाला, तोबियाला, दूर मेदिया देशी ठेवलेले पैसे आणावयास पाठवितो. वाटाड्या म्हणून बरोबर येतो तो राफाएल देवदूत, पण वेष पालटून. मागोमाग घरचा कुत्राही निघतो. नदीत मासा सापडतो, त्याचे पित्त औषध म्हणून राखून ठेवले जाते. वाटेत एकबाताना येथे सारा नावाची मुलगी असते. तिचे सात वर लग्नाच्या रात्रीच दुष्टात्म्याने मारलेले असतात. घरची दासीसुद्धा तिला दूषणे देते, आणि ती मरण मागते. राफाएल तोबियाला तिच्याविषयी सांगतो, आणि तिला पाहण्यापूर्वीच तोबियाचे मन तिच्याकडे ओढ घेते.

वाचकहो, हा संकेत आपल्या ओळखीचा नाही काय? हंसाच्या तोंडून नळाचे गुण ऐकून दमयंतीचे मन जडते. न पाहिलेल्या श्रीकृष्णाला रुक्मिणी मनाने वरते. संस्कृत साहित्यशास्त्राने याला ‘पूर्वराग’ असे नावच दिले आहे. म्हणजे ज्यांना आजचे तरुण प्रेमकथेचे ठरावीक साचे म्हणतात, ते कोणा एका देशाचे किंवा काळाचे नाहीत. ते पवित्र शास्त्रातही आहेत. आणि या एका छोट्या पुस्तकात प्रवासकथा, कौटुंबिक कथा, प्रेमकथा, भूतबाधेची कथा आणि प्रार्थना अशी केवढी मिसळ आहे!

तथापि एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. साराला कोणी विचारत नाही. बाप तिचा हात धरून तोबियाच्या हाती देतो आणि करार लिहिला जातो. मात्र लग्नाच्या रात्री तोबिया तिला उठवून प्रार्थनेस उभी करतो, आणि प्रार्थनेच्या शेवटी दोघे मिळून ‘आमेन’ म्हणतात. या विवाहात साराच्या तोंडून आलेला होकार म्हणावा तर तो हाच. पुढील अनेक शतकांची कथा ही त्या एका शब्दाला लग्नाच्या रात्रीपासून लग्नाच्या आधी आणण्याची कथा आहे.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेचा निर्णय

विवाह कशाने होतो, हा प्रश्न मध्ययुगीन ख्रिस्तसभेत फार वादाचा होता. बापाने दिल्याने? हुंड्याच्या कराराने? की वधूवरांच्या शब्दाने? बाराव्या शतकापासून ख्रिस्तसभेचे उत्तर स्थिर होत गेले : वधूवरांच्या संमतीने. पण या उत्तराने एक अडचणही निर्माण केली. दोघांनी कोठेतरी एकांतात शब्द दिला की विवाह झाला, आणि उद्या एकाने तो नाकारला तर साक्ष कोणाची? फसलेल्या मुलींचे हाल होत. म्हणून १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नापूर्वी नावे जाहीरपणे पुकारण्याचा नियम केला, जो आपण आजही देवळात ऐकतो. पुढे ट्रेंटच्या विश्वपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर संमती देणे आवश्यक ठरविले.

या परिषदेत फ्रान्सच्या राजाकडून मागणी आली होती की, आईबापांच्या परवानगीवाचून मुलांनी केलेले विवाह रद्दबातल ठरवावेत. परिषदेने ती मानली नाही. अशा विवाहांना ख्रिस्तसभेची पसंती नाही हे तिने स्पष्ट केले. परंतु केवळ आईबापांची संमती नसल्याने विवाह निरर्थक ठरतो असे जे म्हणतील, त्यांचा तिने निषेध केला. शिवाय जमीनदारांनी आणि अधिकाऱ्यांनी आपल्या ताब्यातील माणसांना बळजबरीने लग्न करावयास लावू नये, असाही हुकूम काढला. आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मविधीसंहितेचे १०५७ वे कलम हेच सांगते की विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. ११०३ वे कलम म्हणते की, जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह विवाहच नव्हे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, मराठी ख्रिस्ती लेखकांनी प्रेमाचा आणि पसंतीचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांच्या पाठीशी ही दीर्घ परंपरा होती. ते कोठल्याही सवंग गोष्टीच्या मागे लागले नव्हते.

ओवीत ओतलेला करार

वाङ्मयप्रकारांच्या मिसळीबाबत तर आपले आद्य उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग, आणि सुमारे अकरा हजार ओव्या. जुना आणि नवा करार सांगावयाचा, पण लॅटिनच्या वळणाने नव्हे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या मराठीने ज्या छंदाला घराघरांत पोहोचविले त्या ओवीतून तो सांगावयाचा, हा निर्णय साधा नव्हता. पुराण हा हिंदू परंपरेचा वाङ्मयप्रकार आणि विषय ख्रिस्ती. दोहोंचा मेळ घालताना फादर स्टीफन्सनी कोणाचे सोवळे मोडले असे आज कोणीही म्हणणार नाही. उलट त्यांनी आपली भाषा कोणती हे आपल्याला दाखवून दिले.

१८५७ : सव्वीस वर्षांच्या लेखकाची कादंबरी

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८४१ साली हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचा ‘यात्रिकक्रमण’ हा मराठी अवतार सिद्ध केला. १८४२ साली अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मराठी गद्य अजून बाळसे धरत होते. अशा वेळी बेळगावचे बाबा पद्मनजी पुढे आले. १८३१ साली जन्मलेल्या या तरुणाने मिशनच्या शाळांतून शिक्षण घेतले, मुंबईत जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत तो वावरला, आणि १८५४ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याचे ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून आज आपण तिला ओळखतो. लेखकाचे वय तेव्हा सव्वीस होते, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

नावातच मिसळ आहे. ‘पर्यटन’ म्हणजे प्रवास, आणि ‘निरूपण’ म्हणजे कीर्तनकाराचा किंवा शास्त्र्याचा शब्द. यमुना आणि विनायक हे तरुण दांपत्य प्रवासास निघते. वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे विनायकाचा अकाली मृत्यू होतो आणि जे दुःख यमुनेने इतरांच्या दारी पाहिले होते, ते तिच्याच वाट्यास येते. तिच्या केशवपनाचा घाट घातला जातो. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ च्या जुलैमध्ये झाला होता. म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच ही कादंबरी आली.

ही प्रेमकथा आहे काय? रूढ अर्थाने नव्हे. येथे चोरटे कटाक्ष नाहीत, विरहाची पत्रे नाहीत. परंतु नवराबायको एकमेकांशी बोलतात, विचार करतात, एकत्र प्रार्थना करतात, आणि प्रवासात एकमेकांचे सोबती म्हणून वावरतात. त्या काळच्या एकत्र कुटुंबात, जेथे दिवसाउजेडी पत्नीशी बोलणे नवऱ्याला लाजिरवाणे वाटे, तेथे हे सहजीवन हीच मोठी नवलाई होती. प्रवासाचा घाट लेखकाने का घेतला याचे उत्तरही येथेच सापडते, असे आम्हांला वाटते. घरात राहून हे जोडपे मोकळेपणाने बोलू शकले नसते. त्यांना बोलते करावयाचे तर घराबाहेर काढणे भाग होते. विषयाची निकड घाटाला जन्म देते, ती अशी.

कादंबरीत दोष पुष्कळ आहेत. प्रचाराचा सूर जागोजाग कथेवर मात करतो. हिंदू समाजाकडे पाहण्याची दृष्टी कित्येकदा एकांगी आहे, आणि विधवेचा छळ ही केवळ परधर्मीयांचीच व्याधी असल्यासारखे लेखक लिहितो. आपल्या ख्रिस्ती घरांतही शुभकार्यात विधवेला मागे बसविले जात आले आहे, हे आपण जाणतोच. तरीही त्या काळी असल्या विषयावर असल्या साध्या बोलीत कथा लिहिण्याचे धाडस एका तरुण ख्रिस्ती लेखकाने केले, याचे मोल कमी होत नाही.

अद्भुताचा आश्रय

या धाडसाचे महत्त्व कळण्यास पुढील दशकाकडे पाहावे लागते. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांना वेड लावले. सद्गुणी नायक, सौंदर्याची खाण अशी नायिका, कपटी खलपुरुष, अरण्ये, कारागृहे, ताटातूट, योगायोग आणि अखेरीस मीलन, असे हे साचे होते. आजच्या दूरदर्शन मालिकांतून आणि चित्रपटांतून जे साचे आपले तरुण ओळखून हसतात, त्यांची मराठी वंशावळ येथवर जाते.

रिसबूडांनी आपल्या प्रस्तावनेत जी कबुली दिली आहे, ती मात्र फार मोलाची आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्याकडील विवाहाच्या रीती आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात मन रमविणारे असे काही आढळत नाही. रोजचे अनुभव लिहावे तर ते नीरस होतील. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताची कास धरण्यावाचून गत्यंतर नाही.

किती प्रामाणिक विधान आहे हे! ज्या समाजात आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न वडीलधारे ठरवितात, तेथे पसंती नाही; पसंती नाही म्हणून निवड नाही; निवड नाही म्हणून कथेला लागणारा पेच नाही. प्रेम करावयाचे तर ते राजकन्येने, आणि तेही काल्पनिक नगरीत. म्हणजे प्रेमकथेची उणीव ही केवळ प्रतिभेची उणीव नव्हती. ती संमतीची उणीव होती. पद्मनजींनी अकरा वर्षे आधी याच अडचणीला निराळे उत्तर दिले होते. जीवन नीरस आहे म्हणून त्यातून पळावे, असे न करता ते असे का झाले याचीच कथा त्यांनी केली.

नगरची लेक

याच प्रश्नाचा पुढचा टप्पा गाठला तो एका तरुणीने. कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले दांपत्य. कृपाबाईंना डॉक्टर व्हावयाचे होते. प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला जाणे हुकले, तेव्हा त्या १८७८ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्रकृतीने तेथेही साथ दिली नाही. मद्रासलाच त्यांचा विवाह इंग्लंडहून शिकून आलेल्या सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी झाला. १८८७–८८ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून त्यांची ‘सगुणा’ ही इंग्रजी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी ‘सगुणा’ पुस्तकरूपाने निघाली.

‘सगुणा’ हे आत्मचरित्र आहे, कुटुंबाचा इतिहास आहे, धर्मांतराची हकिगत आहे आणि कादंबरीही आहे. यांपैकी एकाच खणात ती बसत नाही. पूर्वार्धात आईवडिलांची कथा येते. नवरा ख्रिस्ती होतो आणि सोवळ्यात वाढलेली राधा अनिच्छेने त्याच्या घरी येऊन राहते. ती आपला आचार सोडत नाही, पण हळूहळू त्या घरात तिचे मन रमते. उत्तरार्धात लेकीची कथा येते. तिला शिकावयाचे आहे, स्वतःच्या बुद्धीचा मान राखणारा सोबती हवा आहे, आणि कथेच्या अखेरीस तो भेटतो. आईच्या पिढीत आधी लग्न आणि मग प्रेम. लेकीच्या पिढीत आधी ओळख, मग पसंती, मग लग्न. दोन पिढ्यांचे हे अंतर एकाच पुस्तकात मावावे म्हणून लेखिकेला वाङ्मयप्रकारांच्या भिंती पाडाव्या लागल्या.

काळही पाहावा. ‘सगुणा’ मासिकातून येत होती तेव्हाच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नात आपली संमती नव्हती, म्हणून नवऱ्याच्या घरी नांदावयास जाणार नाही, असे त्या तरुणीने न्यायालयात सांगितले. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने तिला ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा निकाल दिला, तेव्हा तिने तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारा केली, त्यावरूनही केवढे वादळ उठले! अशा वादळात नगरची एक ख्रिस्ती मुलगी शांतपणे लिहीत होती की, मुलीलाही मन असते.

लग्नानंतरची प्रेमकथा

नगर जिल्ह्याचीच दुसरी कथा अधिक परिचित आहे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न बालवयात झाले. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, आधी आपले सोवळे सांभाळून. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, या विचाराशी झगडून त्यांनी ते सोवळे स्वतःच सोडले, आणि पुढे बाप्तिस्माही स्वतःच्या निर्णयाने घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे आहे. कोणी त्याला प्रेमकथा म्हणत नाही, पण आम्ही म्हणतो. भांडणे, रुसवे, पैशांची ओढाताण, नवऱ्याचा विक्षिप्तपणा हे सारे हसत सांगता सांगता त्या माउलीने मराठीतील एक अस्सल प्रेमकथा लिहिली. ज्या लग्नात तिला कोणी विचारले नव्हते, त्याच लग्नाला तिने प्रौढपणी, डोळे उघडे ठेवून, पुन्हा एकदा होकार दिला. साराचे ‘आमेन’ येथे आठवल्यावाचून राहत नाही.

गोव्याचे आणि मुंबईचे दालन

पद्मनजी, कृपाबाई, टिळक ही नावे प्रॉटेस्टंट आहेत. मग कॅथलिकांचे काय? आपल्याकडे १९०३ साली येशूसंघीय धर्मगुरू फादर डोरिंग यांनी नगर जिल्ह्यात ‘निरोप्या’ सुरू केला आणि मराठी कॅथलिकांना आपले मासिक मिळाले. त्याचा भर भक्तीवर आणि शिकवणुकीवर होता, तो त्या काळाला धरूनच होता. परंतु प्रेमाचा विषय कॅथलिकांनी हाताळला तो शेजारच्या कोकणीत. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या घराघरांतून मांडो बहरला. शब्द कोकणी, सुरावटींत पाश्चात्त्य वळण, आणि विषय बहुधा प्रीती व विरह. हा मांडो कोठे गात? लग्नात, वडीलधाऱ्यांसमोर! प्रीतीचे गाणे आणि घरची मर्यादा यांचे वैर आहे असे त्या घरांना वाटले नाही.

एदुआर्दो ब्रुनो द सौझा यांनी १८८९ साली आपल्या पुण्यातून ‘उदेंतेचें साळक’ हे पहिले कोकणी नियतकालिक काढले आणि पुढे १९११ मध्ये ‘क्रिस्तांव घराबो’ ही कोकणीतील पहिली कादंबरी दिली. ती आदर्श ख्रिस्ती कुटुंबाची कथा होती. त्यानंतर विसाव्या शतकात रोमन लिपीतील कोकणी ‘रोमांसी’ आल्या. प्रेम, खून, वारशाचे भांडण, हरवलेले मूल आणि अखेरीस न्याय असा सगळा मसाला या छोट्या पुस्तकांत असे. गोव्यातील गावांत आणि मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या खलाशांनी, आचाऱ्यांनी, आयांनी त्या वाचल्या. रेजिनाल्ड फर्नांडिस हे या लेखनाचे राजे मानले गेले. त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या पलीकडे जाते. विद्वानांनी या पुस्तकांकडे पाठ फिरविली, पण गावाकडची भाषा कष्टकऱ्यांच्या हाती जिवंत ठेवण्याचे काम याच ‘मिसळी’ने केले.

आजचा प्रश्न

या इतिहासावरून काय ध्यानात येते? एक तर, ख्रिस्ती लेखकाने प्रेमाविषयी लिहावे की नाही हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. त्याने लिहिलेच आहे, आणि जेव्हा लिहिले तेव्हा समाजाला न विचारलेला प्रश्न विचारला. दुसरे असे की, वाङ्मयप्रकारांची मिसळ केवळ गंमत म्हणून केली तर ती दोन दिवसांची. पण सांगावयाची गोष्ट जुन्या भांड्यात मावत नाही म्हणून केली, तर ती टिकते. पद्मनजींना प्रवास हवा होता, कारण घरात बोलता येत नव्हते. कृपाबाईंना दोन पिढ्या हव्या होत्या, कारण एकीने दुसरी समजते. तरुण लेखकांनी स्वतःस विचारावे : माझ्या कथेला रहस्य कशासाठी हवे? भुताटकी कशासाठी हवी? उत्तर मिळाले तर खुशाल लिहावे.

तिसरी गोष्ट साच्यांची. पहिल्या भेटीत जडणारे प्रेम, खलनायक बाप, पावसातली भेट, शेवटच्या क्षणी थांबविलेले लग्न हे साचे वापरण्यात पाप नाही. पाप आहे ते साच्याआड खरा पेच लपविण्यात. आपल्या धर्मग्रामांतील खरे पेच कोणते? मुलगी शिकून नोकरीस लागली, मुलगा तेवढा शिकला नाही. दोघे कॅथलिक, पण एकाची बोली आणि जातकुळी निराळी, म्हणून घरचे नाक मुरडतात. मुलगा किंवा मुलगी अन्य धर्माची, आणि दोन्ही घरांत अश्रू. वेदीसमोर धर्मगुरू विचारतात, ‘तुम्ही स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय आला आहात काय?’ दोघे होय म्हणतात. पण तो प्रश्न घरात, जेवणाच्या ताटावर, कोणी कधी विचारला होता काय? ही कथा अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.

पालकांचे म्हणणेही आम्ही डावलीत नाही. त्यांची भीती खरी आहे. प्रेमाच्या नावाखाली फसवणूक होते, आणि मोबाइलवरच्या चार गोड शब्दांनी आयुष्ये उद्ध्वस्त झालेली आपण पाहतो. ट्रेंटच्या परिषदेलाही हीच भीती होती. म्हणून तिने साक्षीदार नेमले. पण तिने संमती काढून घेतली नाही, तिला उजेडात आणले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात वाग्दत्त तरुण-तरुणींना शुद्ध प्रेमाने आपले नाते जोपासण्यास सांगितले, आणि तरुणांना वैवाहिक प्रेमाचे शिक्षण, मुख्यतः घरातच, वेळेवर द्यावे असेही सांगितले. असे शिक्षण केवळ उपदेशाने होत नाही. चांगली कथा ते अधिक सहजपणे देते, कारण कथेत वाचक दुसऱ्याच्या चुकीचे दुःख स्वतः न भोगता समजून घेतो.

आमची सूचना साधी आहे. येत्या मेळाव्यात तोबीतचे पुस्तक तरुणांबरोबर, आईवडिलांनाही बसवून, मोठ्याने वाचावे. मग ‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांतील निवडक पाने वाचावीत. त्यानंतर तरुणांनी आपल्या गावातील, आपल्या बोलीतील एखादी गोष्ट लिहावी आणि ती प्रथम घरी वाचून दाखवावी. घरात ती ऐकली गेली, तिच्यावर वाद झाला, कोणाचे डोळे पाणावले, तर आपल्या मासिक-त्रैमासिकांनी ती अवश्य छापावी. सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने १८५७ साली मराठी कादंबरीची वाट उघडली. आपल्या धर्मग्रामांत आज त्या वयाचे कितीतरी तरुण आहेत. त्यांच्या हातातील लेखणीकडे संशयाने पाहण्यापेक्षा त्यांच्या कथेतील मुलीला काय म्हणावयाचे आहे, ते आपण आधी ऐकून घेऊ या.